वहिनींनी पेट्रोल गार केलं

रेडिएटरच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारायचं, "मालक कुठे आहेत?" वहिनी हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "जेवायला गेलेत. बसा." गिऱ्हाईक बिचारं बाकावर बसून घड्याळ बघत राहायचं. तेवढ्या वेळात वहिनी त्याचा रेडिएटर सोडवायच्या, हौदात बुडवायच्या, भोक शोधायच्या, बुजवायच्या, आणि सगळं झालं की हात पुसत समोर उभ्या राहायच्या. "आले मालक जेवून. बोला आता." काही जण हसायचे, काही जण ओशाळायचे. एकजण तर त्यानंतरही दाराकडे बघत बसला होता. आता अशा माणसाला काय म्हणायचं!

दुकान वहिनींच्या वडिलांचं. मधोमध सिमेंटचा हौद, त्यावर साखळीची कप्पी, भिंतीला वाकड्या पत्र्या सरळ करायच्या कंगव्यांची रांग, आणि कोपऱ्यात वेल्डिंगचं सामान. वडिलांनी लेकीला हौदाशी उभं करून काम शिकवलं. रेडिएटरची दोन्ही तोंडं बंद करायची, आत हवा सोडायची, पाण्यात बुडवायचा आणि डोळ्यात तेल घालून बुडबुडा शोधायचा. काम झालं की त्यात स्वच्छ पाणी भरून, बुचं लावूनच फळीवर ठेवायचा. रिकामा रेडिएटर फळीवर दिसला की वडील खवळायचे. आतला ओला गाळ सुकला की दगडासारखा धरतो आणि मग निघता निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही सवय वहिनींच्या हातात इतकी मुरली होती की त्या गप्पा मारता मारता रेडिएटर भरायच्या, आणि भरला की नाही हे नंतर त्यांचं त्यांनाही आठवायचं नाही.

आणखी एक खोड होती. गाडी दुकानात शिरली की मालकाला काही विचारण्याआधी वहिनी बॉनेट उघडून प्रत्येक नळीवर तळवा ठेवायच्या. इथे गरम, इथे कोमट, इथे गार का? निम्मा आजार त्यांना तिथेच कळायचा. गल्लीतली माणसं चेष्टा करायची, "वहिनी, आशीर्वाद देताय का?" वहिनी म्हणायच्या, "हो. ताप बघून देते."

खरं तर वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. गल्ली मास्तरांना भाऊ मानायची, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. आठवडाभर शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, एकच पाठ. "क्लच हळू सोडा. हळू. अहो, हळू म्हटलं ना!" शिकणाऱ्यांनी किती वेळा गाडी खांबाला घासली, किती वेळा कचरापेटीवर घातली, पण या माणसाने कधी आवाज चढवला नाही. संध्याकाळी घसा बसवून घरी यायचे, मुकाट्याने जेवायचे आणि झोपायचे. रविवारी मात्र माणूस बदलायचा. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर हौशी मंडळींच्या शर्यती व्हायच्या आणि मास्तर आपली जुनी दोन दारांची गाडी घेऊन तिथे हजर. त्या गाडीला त्यांनी ताकद वाढवणारा टर्बो बसवला होता, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मोठा पंप बसवला होता, आणि तिच्यावर इतका जीव लावला होता की सासूबाई तिला उघड उघड "सूनबाईची सवत" म्हणायच्या.

वहिनींना या सवतीचा कधी राग आला नाही. रविवारी रात्रीच्या जेवणाला मास्तर मिठाची बाटली मधे ठेवून, चमच्याची गाडी करून, कुठल्या वळणावर कुणाला कसं गाठलं ते दाखवायचे आणि मोठमोठ्याने हसायचे. ते हसणं ऐकायला वहिनी सोमवारपासून थांबलेल्या असायच्या. कुणाला सांगितलं नाही कधी, पण नवऱ्यावर प्रेम करायचं त्यांचं मुख्य कारण तेच होतं.

आणि तेच हसणं बंद पडलं.

झालं असं की टर्बो आणि मोठा पंप बसल्यापासून गाडी काही फेऱ्या वाऱ्यासारखी पळायची, मग खोकायची, गचके द्यायची आणि भर रस्त्यात मरायची. थोडा वेळ सावलीत ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही घडलंच नाही. दरवेळी मास्तरांना दोरीने ओढत आणावं लागायचं, आणि तेही कुणासमोर? त्यांच्याकडे शिकणारी मंडळी हौसेने शर्यत बघायला यायची, त्यांच्यासमोर! एक बाई तर म्हणाल्या, "मास्तर, क्लच हळू सोडला नव्हता का?" मास्तर तिथे हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

त्यांनी काय बदललं नाही? प्लग बदलले, फिल्टर बदलला, आणखी मोठा पंप बसवला. पंप जितका मोठा, तितकी गाडी लवकर मरायला लागली. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट काढली, गालिचा काढला, रेडिओ काढला, राखपात्रसुद्धा काढलं. टाकीत पेट्रोल तर शर्यतीपुरतं, मोजून. सासूबाई म्हणाल्या, "वजनच कमी करायचंय ना? मग आधी ते पोट उतरव." मास्तर यावरही हसले नाहीत, तेव्हा सासूबाईंनाही काळजी वाटली.

एका रविवारी गाडी पुन्हा दोरीने आली. मास्तर दुकानाच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी ही जर दोरीने आली, तर विकली समज. टायरवाल्याला शब्द दिलाय." पलीकडच्या गल्लीतल्या टायरवाल्याचा या गाडीवर कधीपासून डोळा होता. गाडी जाईल याचं वहिनींना फार दुःख नव्हतं. ती गेल्यावर घरात फक्त "क्लच हळू सोडा" म्हणणारा माणूस उरेल, याची भीती वाटली.

वहिनी उठल्या, गाडीच्या मागे गेल्या आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. इतके दिवस सगळे पुढचं बॉनेट उघडून बघत होते. वहिनींनी खालून हात घालून टाकीकडे परत जाणारी नळी धरली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अहो, तुमचं पेट्रोल तापलंय!"

"पेट्रोल थोडं तापतंच," मास्तर जागेवरूनच म्हणाले.

"थोडं? हात लावून बघा. पंप एवढं पेट्रोल पुढे ढकलतो, त्यातलं इंजिन पितं किती? उरलेलं त्या भट्टीतून फिरून परत टाकीत येतं. टाकीत असतं मूठभर. तेच पुन्हा पुढे, तेच पुन्हा मागे. एकच पेलाभर दूध सारखं गॅसवर ठेवल्यासारखं चाललंय. उकळणार नाही तर काय? मग पंपाला घोट मिळायच्या जागी फेस मिळतो, आणि तुमची लाडकी उपाशी मरते."

मास्तर उठून आले, वाकले आणि नळीला हात लावला. "म्हणून मोठ्या पंपाने लवकर मरते होय!" ते पुटपुटले. मग नेहमीची शंका आलीच. "पण त्याला गार कसं करणार? आणखी एक डबा लावायचा? वजन?"

"राखपात्र काढलंत ना? त्या बदल्यात धरा."

त्या आठवड्यात वहिनींनी दुकानातली बाकी कामं मागे टाकली आणि पेट्रोलसाठी एक छोटा रेडिएटर बनवायला घेतला. जाड पुस्तकाएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा, आत बारीक चपट्या नळ्या, बाहेर पत्र्यांची झालर. तो कुठे बसवायचा यावर घरात जोरदार वाद झाला. मास्तर म्हणाले, मोठ्या रेडिएटरच्या मागे भरपूर जागा आहे. वहिनींनी कपाळाला हात लावला. "त्याच्यातून आलेल्या गरम वाऱ्यात पेट्रोल गार करताय? मग चुलीवर का नाही ठेवत?" शेवटी सायलेन्सरपासून लांब, पुढच्या बंपरच्या एका कोपऱ्यात स्वतंत्र झरोका पाडायचं ठरलं. समोर जाळी, म्हणजे खडा उडून लागायला नको. नळ्या पेट्रोलच्याच, घट्ट पट्ट्या लावलेल्या, कुठे घासणार नाहीत अशा. वेल्डिंग तर असं केलं की सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या शिवणकामाचे टाके असे आले असते तर मी कुठल्या कुठे गेले असते."

मग हा छोटा रेडिएटर, म्हणजे कूलर, हौदात गेला. वहिनींनी हवा सोडली आणि पाण्यावर नजर लावून बसल्या. एक बुडबुडा नाही. सासूबाईंनी टाळी वाजवली, मास्तरांनी कौतुकाने मान डोलावली, आणि या सगळ्या कौतुकात वहिनींच्या हातांनी आपलं काम उरकलं. कूलर स्वच्छ पाण्याने भरला, बुचं लावली, फळीवर ठेवला.

शनिवारी बसवताना त्यांनी बुचं काढली, पाणी ओतून टाकलं, चांगलं झटकलं आणि कूलर टाकीकडे परत जाणाऱ्या नळीला जोडला. आता त्या चपट्या नळ्यांत पाणी थोडंफार अडकतंच. रेडिएटरवाल्याला त्याचं काय? त्यात पुढे पाणीच तर भरायचं असतं. वहिनींच्या धंद्यात पाण्याला कधी कुणी वाईट म्हटलं नव्हतं.

दुपारी मास्तर गाडी घेऊन सरावाला गेले आणि गाडी पहिल्याच फेरीत मेली. तापायलाही वेळ मिळाला नाही. पुन्हा दोरी, पुन्हा तीच मान खाली. दुकानात आल्यावर मास्तरांनी फोन काढला आणि टायरवाल्याला म्हणाले, "उद्या सकाळी विमानतळाच्या मैदानावर या. काय ते तिथेच संपवू."

फोन ठेवल्यावर त्यांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. थोड्या वेळाने बरणीत दोन थर दिसायला लागले. वर पेट्रोल आणि तळाशी स्वच्छ पाणी.

"भेसळ!" मास्तर ओरडले. या माणसाचा चढलेला आवाज वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. "पाणी मिसळून विकतो! त्या पेट्रोलपंपवाल्याला आज सोडत नाही मी!" त्यांनी बाह्या सरसावल्या. सासूबाईंनी लेकाचे बूट आणून पुढे ठेवले आणि स्वतःच्याही चपला शोधायला लागल्या. "थांब, मी पण येते. चांगला खडसावते त्याला."

वहिनी बरणी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना एका क्षणात सगळं कळलं होतं. फळी, बुचं, झटकलेलं पाणी. गप्प बसणं किती सोपं होतं बघा. पंपवाला नाही म्हणाला असता, मास्तर हो म्हणाले असते, भांडण पेटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. बोलल्या, तर हा माणूस पुन्हा आपल्याला गाडीला हात लावू देणार नाही आणि उद्या गाडी गेलीच, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"पंपवाल्याचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "हे पाणी आपल्या हौदाचं आहे."

मास्तर एक बूट घालून तसेच थांबले.

"मी कूलर भरून ठेवला होता. नेहमीसारखा. झटकला, पण नळ्या सुकवल्या नाहीत. पेट्रोलमध्ये पाणी मी घातलंय. चूक माझी आहे, निस्तरणार पण मीच. उगाच त्या गरीब माणसाच्या अंगावर जाऊ नका."

सासूबाई हातात चप्पल घेऊन खाली बसल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. आणि ही बाई एरवी एका वाक्यावर थांबणारी नव्हे!

मास्तरांनी तो बूट काढून ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. एखादा शब्द टाकला असता तर बरं झालं असतं, असं वहिनींना वाटलं. वहिनींनी एप्रन बांधला आणि कामाला लागल्या. कूलर सोडवला, आत हवेचा झोत मारला, तेव्हा समोर धरलेल्या कागदावर थेंबच थेंब उडाले. ते बघून वहिनींनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, चांगल्या मोठ्याने. मग पेट्रोलने आतून धुतला, पुन्हा हवा मारली, कागद कोरडा राहीपर्यंत मारत राहिल्या. टाकी पूर्ण रिकामी करून पुसायला घेतली. मास्तर बाकावर बसून बघत होते. काही वेळाने ते उठले, नवा फिल्टर घेऊन गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "दहाचा पाना दे." वहिनींनी पाना दिला. त्या पान्याने त्यांच्या जिवात जीव आला.

रविवारी मैदानावर ऊन रणरणत होतं. शर्यतीआधी तपासनीस प्रत्येक गाडी बघत फिरत होता. मास्तरांच्या गाडीपाशी तो थबकला. पेट्रोलच्या नळीत काही नवीन दिसलं की हा माणूस दहा प्रश्न विचारतो आणि विचारायलाच हवेत, आग काय विचारून लागते का? "हे काय लावलंय? कुणाचं काम?"

टायरवाला तिथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "मास्तर, काढून टाका ते. काल त्यानेच घात केला म्हणे."

गाडीबद्दल कुणी काहीही विचारलं तर आजवर मास्तर छाती काढून "मीच केलंय" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी टायरवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. तपासनीसाला म्हणाले, "आमच्या हिने बनवलंय. ते काढायचं नाही." तपासनीसाने नळ्या ओढून बघितल्या, पट्ट्या हलवून बघितल्या, वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि गाडीवर पासचा शेरा मारून पुढे गेला. वहिनी तोंड फिरवून उभ्या राहिल्या, कारण डोळे भरून आले होते आणि सासूबाईंनी ते बघितलं असतं तर साऱ्या मैदानाला सांगितलं असतं.

मास्तर हेल्मेट चढवायला लागले. वहिनी टायरवाल्याशी दोन शब्द बोलून कुंपणापाशी आल्या.

शर्यत सुरू झाली. वहिनींनी डोळे मिटले. गाडी बघून काय कळणार? त्यांनी फक्त कान लावले. सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. गाडी समोरून गेली की त्या विचारायच्या, "खोकली का गं?"

"नाही, आई."

पुन्हा गाडी गेली. "आता?"

"नाही."

डांबर तापून वास मारायला लागलं. एकाची गाडी वाफा सोडत बाहेर आली, दुसऱ्याचं टायर गेलं. मास्तरांची गाडी जिथे नेहमी गचके द्यायची, त्या फेऱ्या आल्या. आवाज आला, वाढला, समोरून सरळ धार धरून निघून गेला. पुढच्या फेरीलाही तसाच. त्याच्या पुढच्याही. सासूबाई आता विचारतही नव्हत्या, नुसता हात दाबत होत्या.

झेंडा पडला तेव्हा मास्तर मधेच कुठेतरी होते. पहिले नाहीत, दुसरे नाहीत. पण सासूबाईंनी असा आरडाओरडा केला की शेजारच्यांना वाटलं, यांनीच शर्यत जिंकली. गाडी गार व्हायला एक फेरी सावकाश मारून सगळे आत आले. मास्तर आले नाहीत. त्यांनी आणखी एक फेरी मारली. आणि आणखी एक, तीही भरधाव. झेंडेवाला हात हलवून हलवून थकला आणि शेवटी कमरेवर हात ठेवून काय काय बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मग मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला आवाज अडखळला. एक आचका, दोन आचके, आणि शांतता.

"गेली!" सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "सवत गेली गं बाई!"

वहिनींनी पेट्रोलचा कॅन उचलला आणि सुकलेल्या गवतातून सरळ चालायला लागल्या. कुठली नळी निसटली? कुठली पट्टी सैल राहिली?

मास्तर गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. हेल्मेट मांडीवर, तोंड लालबुंद, गालांवरून पाणी ओघळत होतं. वहिनी धावल्या. जवळ गेल्यावर कळलं, हा माणूस हसतोय. पोट धरधरून हसतोय.

"काय झालं अहो?"

"काही झालं नाही! पेट्रोल संपलं!" मास्तरांना धड बोलता येईना. "टाकी कोरडी ठाक! शेवटच्या घोटापर्यंत चालली गं, एकदा सुद्धा खोकली नाही!"

वहिनींनी वाकून नळीवर तळवा ठेवला. जेमतेम कोमट. मग त्याही धपकन त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघं वेड्यासारखी हसत राहिली. लांबून झेंडेवाला अजून हात हलवत होता.

हसू ओसरल्यावर मास्तरांना आठवलं. "अरे, टायरवाला ताटकळला असेल. त्याला सांगायला हवं, गाडी द्यायची नाही म्हणून."

"सांगितलं मी."

"कधी?"

"सकाळीच. तुम्ही हेल्मेट घालत होतात तेव्हा."

मास्तर बघतच राहिले. "शर्यतीच्या आधी? आणि बंद पडली असती तर?"

वहिनींनी कॅनचं झाकण फिरवलं. "तर पुन्हा उघडली असती."